सोबत वृद्ध व्यक्ती असावी

नानांना आयुष्यात एकही भिंत पसंत पडली नव्हती. जन्मभर लोकांची घरं रंगवलेली, त्यामुळे कुणाकडे चहाला गेले तरी बसायच्या आधी खोलीचे कोपरे बघायचे आणि कप हातात पडायच्या आत सुनावायचे, "दुसरा हात घाईत मारलाय हो तुमच्या माणसानं." यजमानाचं तोंड वाकडं झालं तर झालं, नानांना त्याचं सोयरसुतक नसायचं. पुढं हात थरथरायला लागले, ब्रश सुटला, पण खोड काही सुटली नाही. उलट भिंतींवरून ती सगळ्या जगावर पसरली. चहा पाणचट, भात गिचका, टीव्हीवरची बाई किंचाळते, जावई दार आपटतो. सकाळी उठल्या उठल्या ही कुरकुर सुरू झाली की चिमीला बरं वाटायचं. म्हातारा ठणठणीत आहे, एवढाच त्या कुरकुरीचा अर्थ.

चिमी ही त्यांची एकुलती एक मुलगी. चाळिशी कधीच मागं पडलेली, कॉलेजात जाणाऱ्या मुलीची आई, दातांच्या डॉक्टरकडे सकाळच्या वेळेत पेशंटांचे नंबर लावायची नोकरी करणारी बाई. पण नानांनी तिला रांगत असताना चिमी म्हटलं ते म्हटलंच. आता डॉक्टरसुद्धा चिमीताई म्हणत होते. आई गेली तेव्हा तिनं नानांना आपल्या घरी आणलं. घर कसलं, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. बाहेरच्या खोलीत नानांची खाट आली, तिथलं लेकीचं टेबल स्वयंपाकघरात गेलं, आणि लेक भांड्यांच्या खडखडाटात अभ्यास करायला लागली. कुणी तोंडातून ब्र काढला नाही. पण नाना कानानं अधू होते, डोळ्यांनी नव्हते.

त्यातच नवऱ्याच्या कारखान्यात जादा पाळ्या बंद झाल्या आणि महिनाअखेरीला ओढाताण व्हायला लागली. चिमी दुपारी रिकामी असायची. घरबसल्या काहीतरी करावं म्हणून ती फोनवर शोधत राहायची. तिथं कळलं की मिस्टरी शॉपर नावाचं एक काम असतं. दुकानात साधं गिऱ्हाईक म्हणून जायचं, वस्तू घ्यायची, तिथली माणसं कशी वागतात ते डोळ्यांत तेल घालून बघायचं आणि घरी येऊन लिहून पाठवायचं. वस्तूचे पैसे परत मिळतात, वर कामाचे वेगळे. चिमी हुरळली. शेजारीण मात्र हात जोडून म्हणाली, "बाई गं, नको! मी भरले होते पैसे नाव नोंदवायला. त्यानंतर त्यांचा फोन लागला तर शपथ." पण शेजारणीच्या फजितीतून चिमी एक गोष्ट शिकली. जो कामाआधी पैसे मागतो तो चोर. एक पैसाही न मागणारी कंपनी तिनं शोधून काढली, त्यांची प्रश्नोत्तरांची परीक्षा दोनदा नापास होऊन तिसऱ्यांदा पास झाली, आणि एक दिवस फोनवर एक मॅडम आल्या. गोड आवाज, पण काम चोख.

"तिथं लिहायचं नाही. काही टिपायचंच असेल तर बाथरूममध्ये जाऊन टिपा, नाहीतरी बाथरूमची स्वच्छता बघायचीच असते. आणि कुणाला सांगायचं नाही. घरच्यांना सांगितलं तर चालेल, दुकानात कळता कामा नये."

पहिलं काम एका बेकरीचं होतं. केक घ्यायचा आणि तिथंच बसून चहा प्यायचा, बस. पण चिमीची काय अवस्था! कपाळावर 'हेर' लिहिलंय आणि सगळे तेच वाचतायत असं तिला वाटत होतं. काउंटरवरच्या मुलीनं "काय देऊ?" विचारलं तर ही म्हणाली, "काही नाही, सहज आले." नंतर सावरून केक घेतला, पण लक्ष कशातच नाही. घरी येऊन तिनं सगळ्या प्रश्नांपुढं 'ठीक होतं' असं लिहून टाकलं. मॅडमनी सगळंच्या सगळं परत पाठवलं. ठीक म्हणजे काय? टेबल पुसलेलं होतं का? मुलगी तुमच्याकडे बघून बोलली की बिलाकडे बघून? काय दिसलं ते लिहा.

चिमी डोक्याला हात लावून बसली. तिला काही दिसलंच नव्हतं ना! मग तिला वाटलं, आपल्या घरी एवढा मोठा तज्ज्ञ बसलाय, त्याला घेऊन गेलो तर?

"नाना, चला बरं माझ्याबरोबर," ती खाटेशी बसून मोठ्यानं म्हणाली, आणि सगळं समजावून सांगितलं. नानांनी दोनदा विचारून घेतलं. म्हणजे खायचं आपण, आणि पैसे देणार ते? आणि हे दुकानवाल्याला माहीत नाही?

"असेल बाई," ते शेवटी म्हणाले, आणि तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. मग चप्पल शोधायला लागले.

काय सांगावं, त्या दिवसापासून दोघांची जोडी जमली! बेकरीत नानांनी पाऊल टाकलं आणि पंख्यावरची धूळ दिसली, काचेच्या आत मेलेली माशी दिसली, पोऱ्याच्या नखातला मळ दिसला. चिमी हळूच बाथरूममध्ये जाऊन सगळं फोनवर टिपायची. चष्म्याच्या दुकानात तर नानांनी बहार केली. आपण कापडाचे व्यापारी आहोत असं सांगून चार फ्रेमा नाकारल्या, पाचवी घेतली, आणि दुकानदारालाच म्हणाले, "तुमच्या आरशाला पोपडे आलेत." नंतर बुटांचं दुकान झालं. म्हाताऱ्या माणसाला बूट घालताना विक्रेता खाली वाकतो का, एवढंच बघायचं होतं; मऊ तळव्याचे बूट नानांच्या पायात राहिले ते राहिले. पुढं एकदा प्रवासाच्या बॅगा विकणारं दुकान आलं, तिथली निळी बॅग घरी आली. मॅडम खूश होत्या. एवढे बारकावे आजवर कुणी पाठवले नव्हते म्हणे. चिमीलाही घरात चार पैसे येतायत याचं बरं वाटत होतं, पण त्याहून बरं वाटायचं ते परतीच्या बसमध्ये. नाना खिडकीशी बसून दुकानदाराची नक्कल करायचे आणि ही पदर तोंडात कोंबून हसायची. लहानपणी त्यांच्या खांद्यावर बसून हसली असेल तेवढीच, त्यानंतर आत्ताच.

"चोरगिऱ्हाईक निघालं का?" नवरा दारात चिडवायचा.

"निघालं," नाना म्हणायचे. "आणि दार आपटू नका."

मग ते काम आलं. मॅडमचा आवाज नेहमीपेक्षा गोड होता. एका कंपनीचे ठिकठिकाणी वृद्धनिवास आहेत, त्यातला एक तुमच्याच शहरात आहे. वडिलांसाठी जागा बघायला आलोय असं सांगून जायचं. तिथली माणसं म्हाताऱ्या माणसाशी बोलतात की त्याच्या डोक्यावरून मुलांशीच बोलतात, स्वयंपाकघर दाखवतात का, जागा घ्याच म्हणून गळ्यात पडतात का, हे बघायचं. मोबदला चांगला होता, आणि अट एकच होती. सोबत वृद्ध व्यक्ती असावी.

चिमीनं आधी नकोच म्हटलं. रात्री नवऱ्यापाशी विषय काढला तर तो म्हणाला, "त्यात एवढं काय? नानांनी व्यापाऱ्याचं सोंग केलं, तसंच हे. आणि लेकीची फी तोंडावर आली आहे." बोलणं खरं होतं. तरी दुसऱ्या दिवशी नानांना सांगताना ती उगाचच उशीचा अभ्रा बदलत होती.

"म्हणजे म्हाताऱ्यांना ठेवतात ती जागा?" नानांनी विचारलं.

"हो, पण आपलं नेहमीसारखंच हो नाना. सोंग."

"मी यायलाच पाहिजे?"

"वृद्ध माणूस सोबत पाहिजे म्हणतात."

नानांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. मग म्हणाले, "मग चल की. त्यात काय विचारायचं?"

त्या दिवशी ते लवकर उठून दाढी करून बसले होते. ठेवणीतला शर्ट, नवे बूट, नवा चष्मा. निघताना विचारलं, "बॅग घ्यायची का?" चिमी खळखळून हसली. "बॅग कशाला? आपण काय राहायला चाललोय?" नानाही हसले. आता मागं वळून बघताना वाटतं, त्या हसण्याकडे तिनं नीट बघायला हवं होतं. पण घाईत कोण बघतं? बस चुकेल याची तिला काळजी.

निवास म्हणजे एक लांबट दुमजली इमारत होती, पुढं हिरवळ आणि बाकं. आत औषधांचा आणि फिनाईलचा वास. तिथल्या व्यवस्थापक बाई स्वतः बाहेर आल्या, आणि चिमीनं मनातल्या मनात पहिला गुण दिला, कारण त्या तिच्याशी नाही, नानांशी बोलल्या. त्यांच्या शेजारी बसल्या, आवाज चढवला पण ओरडल्या नाहीत.

"काका, एक विचारू? इथं यायचं मनात कुणाच्या आलं? तुमच्या की मुलीच्या?"

"माझ्याच," नाना म्हणाले. "ती नकोच म्हणते. मीच हट्टाला पेटलो."

वा! चिमीनं मनात टाळी दिली. काय काम करतोय म्हातारा! पुढं तर नानांनी तिला बोलूच दिलं नाही. रात्री एकदा उठावं लागतं, त्या वाटेवर दिवा असतो का? पहाटेचा चहा मिळतो का? भेटायला यायला वेळ ठरलेली असते का, मुलगी नोकरी करते, तिला दुपारीच जमेल. खोली दाखवली तेव्हा खाटेवर बसून बघितलं, खिडकी उघडून बघितली. खाटेच्या वर, छताला लागून, ओल आली होती आणि रंग फुगून सुटला होता. चिमीलासुद्धा दिसला, म्हणजे बघा. ती वाट बघत राहिली, आता नाना तोंड उघडणार. नानांनी तिकडे वर बघितलं. मग म्हणाले, "खोली चांगली आहे. रंगबिंग व्यवस्थित आहे."

तिला जरा चुकल्यासारखं वाटलं, पण तेवढ्यात तिच्याच मनानं तिला भलतीकडे नेलं. खरं ते सांगायलाच हवं. त्या उजेडाच्या खोलीत उभी असताना चिमीला एकाएकी आपली बाहेरची खोली दिसली, खाट नसलेली. तिथं लेकीचं टेबल, टेबलावर दिवा. रात्री खोकल्यानं कुणाची झोप मोडत नाही. तिला इतकं हलकं वाटलं, इतकं हलकं, की तोंडातून शब्द निघून गेले, "ही खोली कधी रिकामी होईल?"

बाई तशाच चढ्या आवाजात म्हणाल्या, बहुतेक महिनाअखेर. नाना खिडकीशी पाठमोरे उभे होते. चिमीला वाटलं, त्यांना कुठलं ऐकू येतंय. पुढच्याच क्षणी तिला स्वतःची इतकी लाज वाटली की ती "बाथरूम कुठंय?" म्हणत बाहेर पडली. तिथं तिनं स्वच्छता टिपायची ती टिपली, तोंडावर पाणी मारलं आणि परत आली. नाना आणि बाई काहीतरी बोलत होते, ती आल्यावर थांबले.

बसमध्ये नक्कल झाली नाही. "दमलात का?" तिनं विचारलं, तर नाना म्हणाले, "नाही गं. बाई फार चांगली होती." घरी येऊन तिनं भरभरून लिहून पाठवलं. ओल आलेल्या भिंतीबद्दल लिहिताना तेवढी थबकली, मग तेही लिहिलं.

महिना संपत आला तेव्हा दवाखान्यात असतानाच तिला फोन आला. व्यवस्थापक बाई होत्या. खोली रिकामी झाली, काकांना आणायला हरकत नाही. चिमी गडबडली. तिला हे नवीन नव्हतं, दुकानवाले मागाहून फोन करतातच. नम्रपणे नाही म्हणायचं असतं. ती नाही म्हणायला लागली तशा बाई म्हणाल्या, "अहो, पण काकांनीच सांगून ठेवलंय. तुम्ही बाथरूमला गेला होतात ना, तेव्हा त्यांनी माझा हात धरून सांगितलं. खोली दुसऱ्या कुणाला देऊ नका, मुलीला फोन करा, ती स्वतःहून करायची नाही."

चिमी डॉक्टरांना धड न सांगताच घरी धावत आली. नाना खाटेवर बसून वर्तमानपत्राची घडी घालत होते.

"नाना, तुम्ही त्या बाईंना फोन करायला सांगितलं होतं?"

"हो. झाली का रिकामी?"

"अहो, काय हे! ते माझं काम होतं ना? सगळं खोटं होतं!"

"चिमे, पुरे आता," नाना शांतपणे म्हणाले. "किती दिवस खेळायचं हे? तूही दमलीस, मीही दमलो."

त्यांनी पाय हलवून खाटेखालची निळी बॅग पुढं सरकवली. ती भरलेली होती. वर गरम बनियन, त्यावर बायकोचा फोटो टॉवेलात गुंडाळलेला.

"चष्मा झाला, बूट झाले, बॅग झाली," नाना सांगत होते. "मला कळत नाही होय गं? दुकानात जाऊन केक खायचा आणि वर त्याचे पैसे घ्यायचे, असली नोकरी असते का कुठं जगात? मी पहिल्याच दिवशी ओळखलं. म्हटलं, पोरीला काहीतरी सांगायचंय, तोंडातून निघत नाही. घेऊ दे वेळ. आधी चार ठिकाणी हिंडवेल, लागेल ते घेऊन देईल, मग तिकडे नेईल. बापाला धक्का बसू नये म्हणून एवढा घाट घातलास, मी काय तो मोडून टाकू?"

चिमीला रडू फुटलं. "मग येत होतात कशाला माझ्याबरोबर?"

"तू नेत होतीस म्हणून," नाना म्हणाले. आणि मग जरा हसून, "खरं सांगू का, मजा यायची गं. म्हटलं, जायच्या आधी तेवढंच."

चिमीनं पदरानं डोळे पुसले. तिनं फोन काढला, मॅडमचे निरोप वाचून दाखवले, बँकेत जमा झालेले पैसे दाखवले. संध्याकाळी नवरा आला, त्यानंही गळ्याची शपथ घेऊन सांगितलं. लेक आजोबांच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. नाना सगळ्यांचं ऐकून घेत होते, नव्या चष्म्यातून एकेकाकडे बघत होते. "असेल बाई," ते म्हणाले. मग चिमीकडे वळले. आवाजात राग नव्हता, खोच नव्हती. एखाद्याला पत्ता विचारावा तसं त्यांनी विचारलं.

"मग ती खोली कधी रिकामी होईल, ते का विचारलंस? तेही त्यांनीच विचारायला सांगितलं होतं?"

हो म्हणायला काय लागत होतं? एक अक्षर! दुकानादुकानांतून बेधडक थापा मारणारी ही बाई, कधी नवऱ्याला मोठा अधिकारी करायची, कधी स्वतःला चार मुलांची आई. त्या दिवशी नेमकी जीभ टाळ्याला चिकटली. नवरा तिच्याकडे बघायला लागला. लेकीनं डोकं वर केलं. शेवटी ती "हो" म्हणाली, पण तोवर उशीर झाला होता, आणि नानांनी सगळं वाचून घेतलं होतं.

"अगं, रडतेस कशाला?" ते तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले. "काही वाईट विचारलं नाहीस. मीसुद्धा तेच विचारणार होतो."

नाना गेले नाहीत. चिमीनं जाऊ दिलं नाही. तिनं फोन करून बाईंना ठाम नाही सांगितलं, बॅग स्वतःच्या हातांनी उपसली, बनियनं कपाटात घातली, आईचा फोटो पुन्हा भिंतीवर टांगला. नानांनीही हट्ट केला नाही. "तू म्हणशील तसं," म्हणाले. सगळ्यांना वाटलं, मिटलं एकदाचं.

मिटलं कसलं! दुसऱ्या दिवसापासून घरात एक पाहुणा राहायला लागला. सगळे उठायच्या आत त्याच्या पांघरुणाची घडी झालेली असायची. पंखा लावायचा तर विचारून लावायचा. टीव्हीवरची बाई किंचाळली तरी हूं नाही का चूं नाही, लेक अभ्यासाला बसली की आपणच उठून बंद करायचा. खोकला आला की बाहेर जिन्यात जाऊन खोकायचा. चिमीनं चहा पुढं केला की दोन्ही हातांनी घ्यायचा आणि म्हणायचा, "कशाला त्रास घेतलास?" एकदा नवरा रात्री झोपताना म्हणाला, "आज माझ्या हातून दार आपटलं गं. चांगलं धाडकन. नाना काहीच बोलले नाहीत." आणि तो बराच वेळ जागा राहिला. चिमीनं मॅडमना सांगून टाकलं की आता जमायचं नाही. मॅडम हळहळल्या. एवढी चांगली नजर होती तुमची, म्हणाल्या.

तिनं काय काय करून बघितलं नाही! नानांशी मुद्दाम भांडण उकरून काढलं, तर तेच माफी मागून मोकळे झाले. शेजारणीच्या घरी नवीन रंग दिला होता, तो दाखवायला घेऊन गेली. रंगाऱ्यानं सगळी वाट लावली होती, खिडकीवर ओघळसुद्धा तसेच. नाना खुर्चीच्या टोकावर बसले आणि म्हणाले, "चांगला दिलाय." शेजारीण बिचारी खूश झाली. चिमीला तिथंच हंबरडा फोडावासा वाटला.

एका दुपारी घरात ती आणि नाना दोघंच होते. चिमी बटाट्याची भाजी करत होती. मीठ घालून झालं होतं. डबा झाकता झाकता तिचा हात थांबला, आणि तिनं मूठभर मीठ घेऊन भाजीत टाकलं. ढवळलं, आणि वर आणखी थोडं टाकलं. या माणसानं आयुष्यात मिठाचा खडा कमीजास्त झालेला खपवून घेतला नव्हता. आई असताना ताट सरकवून उठायचे. आता तर उठतील! ओरडतील, म्हणतील, चिमे, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? देवा, एकदाच ओरडू दे.

तिनं ताट वाढलं आणि ओट्याशी पाठमोरी उभी राहिली. हात भांडी पुसत होते, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून ती बघत होती, दुकानात बघायची तशीच, समोरच्याला पत्ता लागू न देता.

नानांनी पहिला घास घेतला. घास तोंडात तसाच राहिला. त्यांचे डोळे भरून आले, मिठानंच आले असतील. त्यांनी पाण्याचा घोट घेतला आणि गिळला. दुसरा घास केला. मग तिसरा. भातात कालवून, हळूहळू, पाणी पीत पीत ते खात राहिले. कपाळावर घाम आला तो बाहीनं पुसला. ताटात भाजीची एक फोडही ठेवली नाही.

चिमीला राहवेना. ती वळली. "कशी झाली होती भाजी?"

"चांगली होती की. चव आहे तुझ्या हाताला."

"नाना, खारट होती हो. मुद्दाम केली होती मी. तुम्ही काहीतरी बोलावं म्हणून!"

तिनं कढईतला एक बटाटा उचलून तोंडात टाकला आणि तिला तो गिळवेना. ती तशीच उभी राहिली, हातात कढई, डोळ्यांतून धारा. नाना तिच्याकडे बघत राहिले. आपलं काय चुकलं ते त्यांना समजत नव्हतं. ते घाबरले. त्यांनी दोन्ही हातांनी रिकामं ताट उचललं आणि तिच्यापुढं धरलं.

"रडू नको गं," ते म्हणाले. "आवडली मला. वाढ की अजून थोडी."